रानांत जावें तें कशासाठीं?

दर वर्षीं थंडीचे दिवस आले कीं शाळेच्या सहलीचा प्रश्न निघतो, आणि त्याचें उत्तरही बहुधा ठरलेलें असतें: जेथें मोटारगाडी थेट दारापर्यंत जाते, पाळणे व पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, आणि जेथून मुलें सायंकाळीं सुखरूप घरीं येतील, असें एखादें ठिकाण. पालकांची काळजी आम्हांस समजते. ती रास्तच आहे. तथापि सहल म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे असें ज्यांस वाटतें, त्यांच्यापुढें आम्ही एक सूचना ठेवूं इच्छितों. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस शाळा सोडण्यापूर्वीं एकदां तरी सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित रानांत पायीं हिंडवून आणावें. आणि त्यासाठीं भीमाशंकराचें रान निवडावें.

आपण गोदातीरचे रहिवासी. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वसमुद्रास मिळते, हें आपण लहानपणापासून घोकीत आलों. तिच्याप्रमाणेंच भीमाही सह्याद्रीच्या माथ्यावर निघते, पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घेते आणि पुढें कृष्णेस मिळते. पुस्तकांत ही गोष्ट दोन ओळींत संपते. परंतु त्या रानांतील पालापाचोळ्यावर पाय ठेवला, तो दूर सारून खालची काळी ओलसर माती हातांत घेतली, म्हणजे मुसळधार पाऊस डोंगरावरून एकदम वाहून न जातां हळूहळू कसा झिरपतो, हें फळ्यावर आकृती काढल्यावांचून समजतें. रान तुटलें तर नदीचें काय होईल, हा प्रश्न मग शिक्षकास विचारावा लागत नाहीं, मुलेंच विचारतात.

पुणें, ठाणें व रायगड या जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेलें हें रान १९८५ सालीं अभयारण्य म्हणून घोषित झालें. त्याचें क्षेत्र सुमारें १३० चौरस किलोमीटर आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, आंबा अशा झाडांचे शेंडे येथें एकमेकांत गुंतलेले असतात, आणि त्या हिरव्या छपरावरच महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू आपलें आयुष्य काढतो. ही मोठी खार शेपटीसकट सुमारें तीन फूट भरते. जमिनीवर ती क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांची उडी सहज घेते, आणि काटक्या व पानें रचून एकाहून अधिक घरटीं बांधते. कर्नल साइक्स यानें १८३१ सालीं इकडच्या शेकरूचें शास्त्रीय वर्णन करून त्यास एल्फिन्स्टनसाहेबाचें नांव दिलें. (इतिहासाच्या तासाला ज्यांस एल्फिन्स्टन आठवत नाहीं, त्यांस कदाचित् शेकरूमुळें आठवेल!) या प्राण्यास सलग रान लागतें. मध्यें दहा-वीस झाडें पडलीं कीं त्याचा रस्ताच मोडतो. २०१२ सालीं सह्याद्रीच्या ज्या स्थळांस जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत महाराष्ट्रांतील कास, कोयना, चांदोली व राधानगरी हीं आहेत, भीमाशंकर नाहीं. परंतु शेकरू कांहीं याद्या वाचून घर बांधीत नाहीं.

आतां खरा मुद्दा. शंभर मुलें चार गाड्यांतून उतरून आरोळ्या ठोकीत रानांत शिरलीं, तर त्यांस शेकरू दिसणार नाहीं, कस्तूराची शीळ ऐकूं येणार नाहीं, भेकराचा मागही सांपडणार नाहीं. दिसतील तीं फक्त वानरें, कारण त्यांस आपण चणे व बिस्किटें टाकून बिघडविलें आहे. मोठ्यानें गाणीं लावणें व खाऊचीं वेष्टनें झुडपांत फेंकणें हें घरच्या वडील माणसांचें पाहूनच मुलें शिकतात, हें पालकांनीं आमच्यावर न रागावतां ऐकून घ्यावें. म्हणून आमचें म्हणणें असें कीं एका वेळीं वीसच विद्यार्थी न्यावे, आणि पहिला अर्धा तास कोणीं एक शब्दही बोलूं नये. मुकाट्यानें उभें राहणें ही विद्या कोणत्याच परीक्षेस नसते, आणि बहुधा म्हणूनच ती कोणास येत नाहीं.

धोक्याविषयीं विचाराल, तर बिबट्याहून निसरडा खडक अधिक भयंकर. कर्जतकडील खांडसहून वर येणारी शिडीघाटाची वाट पावसाळ्यांत मुलांसाठीं मुळींच नव्हे. गणेशघाट लांबचा, पण सोपा आहे. वनखात्याची परवानगी व स्थानिक वाटाड्या यांवांचून पाऊल टाकूं नये. येथील महादेव कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करून पोट भरीत आले. देवाच्या नांवें राखलेल्या रानांत कुऱ्हाड चालवूं नये हा नियम त्यांनींच पाळला, आणि तोही कोणी कायदा लिहिण्यापूर्वीं. आपल्या मुलांनीं त्यांस ‘अरे’ म्हणून हांक मारूं नये, गुरुजी म्हणावें. त्या दोन दिवसांपुरते ते गुरुजीच असतात.

श्रावणांत व महाशिवरात्रीस तेथें यात्रेकरूंची अलोट गर्दी असते. ते दिवस यात्रेकरूंचेच राहूं द्यावे. पावसाळी रात्रीं कुजक्या लांकडावरील बुरशी मंद हिरवी चमकते. तो देखावा मुलांस मोठेपणीं पाहतां येईल. आम्हांस डिसेंबर बरा वाटतो. आणि त्याआधीं, दिवाळीच्या सुटींत, तयारीदाखल त्र्यंबकच्या वाटेवरची आपली अंजनेरी चढून यावी. या डोंगराचें नांव धारण करणारी कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात तेथें उगवते. जो विद्यार्थी अंजनेरीवर एकही फूल न तोडतां व एकही कागद न टाकतां दिवस काढील, त्याचेंच नांव भीमाशंकराच्या यादींत घालावें.