दोन गुलाबजाम आणि सात इंचांचा शिंपला

फीस्टच्या दिवशी मेसच्या भिंतीवर लागणारा तो कागद आठवतोय ना? 'प्रत्येकी फक्त दोन गुलाबजाम.' तरीसुद्धा साडेनऊला लायब्ररीतून धावत येणाऱ्याच्या वाटीत नुसता पाकच पडतो! का? कुणी नियम मोडतं म्हणून? दर वेळी नाही. कागदावर 'प्रत्येकी' किती ते लिहिलेलं असतं, 'एकूण' किती ते नसतं. आणि गेस्ट किती येणार हे मेसच्या काकांनाही माहीत नसतं.

मला मात्र हा प्रश्न पडला तो गुलाबजामांमुळे नाही, तर एका समुद्री गोगलगायीमुळे. न्यूमेरिकल मेथड्सच्या मिनी प्रोजेक्टसाठी सगळ्यांनी उष्णता वहन नाहीतर ट्रॅफिक सिग्नल घेतला होता. मी घेतली कॅलिफोर्नियाची रेड अ‍ॅबलोनी. रूममेट म्हणाला, "अरे, अमेरिकेतल्या गोगलगायीचं आपल्याला काय?" त्याचं उत्तर शेवटी देतो.

अ‍ॅबलोनी म्हणजे खडकाला घट्ट चिकटून राहणारा, एकाच शिंपल्याचा मोठा जीव. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात तिची व्यापारी मासेमारी पूर्ण बंद झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला तर हौशी लोकांनाही मनाई झाली. उरला फक्त उत्तर किनारा आणि तिथले हौशी पाणबुडे. त्यांच्यासाठी नियम कडक होते. पकडलेली विकायची नाही, घरी न्यायची. पाठीवर हवेची टाकी चालणार नाही, एका श्वासात जेवढं खाली जाता येईल तेवढंच. ७ इंचांपेक्षा लहान असेल तर हात लावायचा नाही. एवढी वाढ व्हायला साधारण १२ वर्षं लागतात, म्हणजे ताटात येण्याआधी तिची बऱ्याच वेळा अंडी घालून झालेली असतात. किती छान नियम! मला तर वाटलं, आता मॉडेल करण्यासारखं उरलंच काय?

मग मी संख्येकडे वळलो. २००२ मध्ये दिवसाची मर्यादा ४ वरून ३ झाली आणि वर्षाची १०० वरून २४. प्रत्येकाला कार्डावर पकड लिहावी लागे. तरीही त्यानंतरच्या वर्षांत एकूण पकड वर्षाला अडीच लाखांच्या घरात होती.

हे कसं, ते एक्सेलमध्ये पाच मिनिटांत कळतं. समजा, एका दिवशी १०० माणसं आली. ४० जणांना एकच मिळाली, ३० जणांना दोन, २० जणांना तीन आणि १० पट्टीच्या पाणबुड्यांना चार. एकूण २००. (आकडे माझेच आहेत, फक्त हिशोब समजण्यासाठी.) आता मर्यादा ४ वरून ३ करा. फरक पडतो तो फक्त त्या १० जणांना. एकूण १९०. कागदावर २५ टक्के कपात, समुद्रात ५ टक्के! आणि पुढच्या वर्षी सहा माणसं जास्त आली की आपण पुन्हा २०० च्या पुढे. बाकीच्या ९० जणांना तर मर्यादा कमी झाल्याचं कळणारही नाही. म्हणजे दिवसाची मर्यादा हे माणसाच्या पिशवीचं मोजमाप आहे, समुद्राचं नाही. वर्षाची मर्यादा जरा जास्त काम करते, पण किती माणसं येणार हे तीही सांगत नाही.

इथपर्यंत मी खुश होतो. पुढे नेहमीचं लॉजिस्टिक समीकरण घातलं. संख्या कमी असताना वाढ, गर्दी झाली की वाढ थांबते, त्यातून पकड वजा. ग्राफ इतका देखणा आला की रिपोर्टच्या कव्हरवर टाकावा! सरांनी तो पाहिला आणि एकच विचारलं, "यातला के कुठून आणलास?"

के म्हणजे तो समुद्र जास्तीत जास्त किती अ‍ॅबलोनी पोसू शकतो ती संख्या. मी ती एकदा टाईप केली आणि विसरून गेलो. पण समुद्र विसरत नाही. अ‍ॅबलोनीचं अन्न म्हणजे केल्प, पाण्याखाली जंगलासारखं वाढणारं शेवाळ. २०१३ पासून एका रोगाने त्या किनाऱ्यावरचे स्टारफिश मरायला लागले. त्यातली सूर्यफुलासारखी मोठी जात सी अर्चिन खायची. ती गेली आणि जांभळ्या सी अर्चिनचं राज्य सुरू झालं. त्यातच २०१४ ते २०१६ समुद्र नेहमीपेक्षा गरम राहिला. उत्तर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून जास्त केल्प नाहीसं झालं आणि अ‍ॅबलोनी उपाशी मरू लागल्या. मी मॉडेलमध्ये के शंभराचा दहा केला. काय झालं असेल? पकड शून्य ठेवली तरी ग्राफ खालीच!

मग मर्यादा ठरवणारे मूर्ख होते का? मला तसं वाटत नाही. त्यांचा २००५ चा आराखडा आपल्या भाषेत क्लोज्ड लूप होता. पाणबुडे खाली जाऊन दर चौरस मीटरला किती अ‍ॅबलोनी आहेत ते मोजायचे. सरासरी ०.३ च्या खाली गेली की मासेमारी बंद. घनताच का मोजायची? कारण अ‍ॅबलोनी अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडते. नर-मादी जवळ नसतील तर दोघंही जिवंत असून पिल्लू होत नाही. दक्षिणेकडच्या व्हाइट अ‍ॅबलोनीचं हेच झालं. २००१ मध्ये ती अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेली, तिथे पोचलेला पहिला अपृष्ठवंशी समुद्री जीव म्हणून.

पण लूपमधला सेन्सर हळू होता. एकेका जागेची पाहणी काही वर्षांच्या अंतराने व्हायची. कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला जागे असलेल्यांना माहीत आहे, फीडबॅकला उशीर झाला की काय होतं. वर्षाची मर्यादा २०१४ मध्ये १८ झाली, २०१७ मध्ये १२ आणि २०१८ चा हंगाम उघडलाच नाही. पुढे बंदीची मुदत वाढवत न्यावी लागली.

पुष्कळ पाणबुड्यांना हा अन्याय वाटला. केल्प आम्ही खाल्लं का? आजोबांनी वडिलांना शिकवलं, वडिलांनी मला, आता मी मुलाला काय शिकवू? थोडी तरी पकड चालू ठेवा, असाही प्रस्ताव होता. त्यांचं दुःख मला खरं वाटतं. तरी माझं मत बंदीच्या बाजूने आहे. केल्प गेलं तो त्यांचा दोष नाही, हे खरंच. पण उरलेल्या थोड्या अ‍ॅबलोनींमधली एक उचलली की एकच कमी होत नाही, तिच्या शेजारणीची अंडीही वाया जातात. शंभरातली एक आणि दहातली एक सारखी नसते. माझी तक्रार बंदीबद्दल नाही, ती इतकी उशिरा कळली त्याबद्दल आहे. प्रत्येक मर्यादेच्या शेजारी तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: हा आकडा काय धरून काढला, ते बदललं तर कोण आणि किती लवकर सांगणार, आणि सांगितल्यावर काय करायचं हे आधीच ठरलंय का. हे नसेल तर मर्यादा म्हणजे नुसता भिंतीवरचा कागद.

आता रूममेटचं उत्तर. अरे, उद्या आपणच कुणी धरणातून सोडायच्या पाण्याचा, कुणी पुलावरच्या वजनाचा आकडा काढणार आहोत. तेव्हाही आपण मागच्या बॅचच्या रिपोर्टमधला के उचलून आणणार का? मी माझा कव्हरवरचा देखणा ग्राफ काढून टाकला. त्या जागी खाली जाणारा लावला आणि त्याच्या खाली मी काय काय धरून चाललो होतो त्याची यादी टाकली. मार्क कापले गेले तर जाऊ देत.

आणि हो, मेसच्या काकांना एक विनंती. पुढच्या फीस्टला आठ वाजता एकदा पातेल्यात डोकावून बघा. साडेनऊला बघून उपयोग नाही!