वेताळाची हरवलेली खूण

वेताळाला प्रियकर केल्याचे श्रेय किंवा पाप आजच्या हिंदी चित्रपटाच्या पदरी टाकणे सोपे आहे. परंतु या प्रवासातील एक जुना मुक्काम जयपूर येथे आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. फोर्ट विल्यम कॉलेजासाठी सिद्ध होऊन १८०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बैताल पचीसी’च्या प्रस्तावनेत सवाई जयसिंगाच्या आज्ञेवरून सूरत कवीश्वराने या कथा संस्कृतातून ब्रजभाषेत आणल्याचा निर्देश आहे. ब्रजातून त्या हिंदुस्थानीत आल्या आणि १८७० मध्ये रिचर्ड बर्टन यांनी त्यांतील काही इंग्रजीत सांगितल्या. पुस्तकाला त्यांनी नाव दिले ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. वेताळाचे नवे बारसे तेथे झाले.

हे नाव चुकीचे होते. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त वेताळ प्रेतात शिरतो, शिंशपावृक्षाला लोंबकळतो आणि राजाच्या खांद्यावरून जाता जाता गोष्टी सांगतो, रक्त शोषत नाही. त्याचे शस्त्र म्हणजे प्रश्न. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर मस्तक फुटेल, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. कोकणात तर हा भूतनाथ ग्रामदेवतेच्या पदाला पोचला. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा अर्पण करतात, कारण तो रात्री गावाची राखण करीत हिंडतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. या वेताळाचा व्हॅम्पायरशी संबंध जोडणे म्हणजे गावच्या पाटलाला सरदार-घराण्यातला बिघडलेला वारस समजण्यासारखे आहे.

बर्टन यांच्या शीर्षकातील ही गल्लत आदित्य सरपोतदार यांच्या ‘थामा’ (२०२५) या हिंदी चित्रपटात देहधारी झाली. तेथील वेताळ रक्तपिपासू आहेत, पण माणसाचे रक्त न पिण्याचा नियम पाळणारे आहेत, आणि कथेचा प्राण एका मानवाच्या व एका वेताळ स्त्रीच्या प्रेमात आहे. हा साचा ओळखीचा आहे. स्टीफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’ (२००५) या कादंबरीने आणि २००८ ते २०१२ या काळातील तिच्या चित्रपटमालेने तो जगभरच्या कुमारवयीन वाचकांत रूढ केला. तिचा नायक १९१८ पासून सतरा वर्षांचाच आहे. तो प्राण्यांच्या रक्तावर जगतो आणि उन्हात त्याची कातडी हिऱ्यासारखी चमकते.

या कथांवरचा नेहमीचा आक्षेप असा की, प्रेमाच्या भेसळीने भयकथा नासली. हा आक्षेप टिकणारा नाही. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने शृंगाराच्या विरोधी रसांत भयानकाची गणना केली हे खरे; पण कथावाङ्मयाने हा विरोध क्वचितच मानला. जोसेफ शेरिडन ल फानू यांची ‘कार्मिला’ (१८७२) स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’च्या (१८९७) आधीची, आणि तिच्यात ओढ व भय एकाच श्वासात येतात. वेताळाच्या तर पहिल्याच गोष्टीत राजपुत्र वज्रमुकुट सरोवराकाठी पद्मावतीवर लुब्ध होतो.

ही गोष्ट येथे थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. पद्मावती कमळ कानाला लावते, दाताला लावते, हृदयाशी धरते. या खुणांचा अर्थ राजपुत्राला कळत नाही, त्याचा मित्र प्रधानपुत्र तो उलगडून सांगतो. पुढे तीच पद्मावती प्रधानपुत्राला विषारी पक्वान्न पाठवते. तेही तोच ओळखतो. म्हणजे प्रेमाची खूण आणि विषाची खूण वाचण्याची विद्या एकच. भयकथा पिढ्यान्‌पिढ्या हीच विद्या शिकवीत आली. हडळीची पावले उलटी असतात; ड्रॅक्युलाचे प्रतिबिंब आरशात पडत नाही. समोरचा देखणा आहे, गोड बोलतो, पण एकदा पायांकडे पाहा, हा त्या कथांचा सांगावा असतो.

कुमारवयीनांच्या प्रेमकथेने नेमकी ही खूण पुसली. अधिक अचूक सांगायचे तर तिचा दागिना केला. उन्हाने जो उघडा पडायचा तो उन्हात अधिकच सुंदर दिसू लागला. नायिकेला नकळत तिच्या खोलीत शिरून रात्रभर तिला झोपेत न्याहाळणारा पुरुष जुन्या कथेत दाराशी लसूण बांधायला लावणारा होता. येथे ती त्याच्या निष्ठेची साक्ष ठरते. वाचक बारा-पंधरा वर्षांची मुलगी असेल, तर हा केवळ वाङ्मयप्रकाराच्या शुद्धतेचा प्रश्न राहत नाही.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि तीही वेताळाच्या त्याच गोष्टीत आहे. प्रधानपुत्र पुढे कपटाने पद्मावतीच्या मांडीवर त्रिशूळाची खूण उमटवतो, ती डाकिनी असल्याचा बोभाटा करतो, आणि राजा तिला नगराबाहेर घालवतो. खूण बनवताही येते. डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ होतो म्हणून राजस्थानला २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सारे आले. तेव्हा पिशाचाच्या बाजूने कोणी कथा लिहिली, बहिष्कृताला मन दिले, तर ते स्वागतार्हच मानले पाहिजे. प्रश्न एवढाच उरतो की ही करुणा कोणाच्या वाट्याला येते. ‘ट्वायलाइट’मध्ये ती श्रीमंत, रूपवान, सर्वशक्तिमान पुरुषाला मिळते. बाळंतपणात मेलेल्या हडळीकडे वळायला ती फार वेळ घेते. ‘थामा’तील नायिकेला ती लाभली, पण त्यासाठी तिला आधी रूपवती व्हावे लागले.

याच दिग्दर्शकाचा ‘मुंज्या’ (२०२४) या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. मुंज झाल्यावर लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो ही कोकणातील समजूत. चित्रपटात त्याला हवी असलेली मुलगी मिळालेली नसते आणि ‘नाही’ हा शब्द त्याला कळत नाही. येथे कुमारवयातील प्रेम आहे, हट्ट आहे, विनोदही पुष्कळ आहे. पण ती वासना कोणाचा तरी बळी मागते हे कथा विसरत नाही. विनोदाची फोडणी थोडी कमी असती तर भय आणखी मुरले असते, हे वेगळे. प्रेमाने भयकथा बिघडतेच असे नाही याचा पुरावा म्हणून तो पुरेसा आहे.

राजस्थानात तर असा पुरावा दगडांत उभा आहे. शहरकोटाबाहेरील बनी पार्क वस्तीतील जुन्या कोठ्यांपैकी कित्येक आज प्रवासीनिवास झाल्या आहेत. ज्या वास्तूंनी एके काळी भयकथांना जिने आणि गवाक्षे पुरवली, त्यांतच आता गरम पाणी आणि न्याहारी मिळते. कोठीचीही खूण अशी दागिना झाली. तेथे उतरलेला पर्यटक मोटारीने अलवर जिल्ह्यातील भानगडला जातो आणि संध्याकाळपूर्वी परततो, कारण सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तेथे प्रवेशबंदी असल्याची पुरातत्त्व खात्याची पाटी आहे. भानगडची दंतकथा प्रेमाचीच आहे. एका तांत्रिकाने राजकन्या रत्नावतीसाठी विकत घेतल्या जाणाऱ्या सुगंधी तेलावर वशीकरणाचा मंत्र टाकला. तिने ते ओळखले आणि तेल एका शिळेवर ओतले. शिळा गडगडत जाऊन त्याच्यावर पडली, आणि मरता मरता त्याने नगराला शाप दिला. नगर ओस पडले, हा भाग वाटाडे रंगवून सांगतात. तेलाकडे पाहून राजकन्येला नेमके काय दिसले, हे मात्र ते घाईघाईने उरकतात.