रणगाडे कुणाचे, चित्रपट कुणाचा?

सोव्हिएत युद्धपटांविषयी परवा एका जाणकाराने चारचौघांत निकाल देऊन टाकला. निकाल असा: ते सगळे चित्रपट म्हणजे प्रचार. पैसा सरकारी, फौज सरकारी, रणगाडे सरकारी. माणूस औषधालाही नाही, कंटाळा मात्र पोटभर. शिवाय रशिया युक्रेनवर चाल करून गेल्यापासून ते पाहणेही पाप. हा सारा राग ज्याच्यावर निघाला तो १९७२ चा ‘गोर्याची स्नेग’, म्हणजे ‘तप्त बर्फ’. मोसफिल्मची निर्मिती, गाव्रील येगियाझारोव यांचे दिग्दर्शन आणि युरी बोंदारेव यांची कादंबरी.

किरकोळ आक्षेप आधी उरकू. कंटाळा हा आक्षेप नव्हे, प्रकृतीची तक्रार आहे. युक्रेनचे म्हणाल, तर या चित्रपटातल्या लढाईत, म्हणजे डिसेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडजवळच्या मिश्कोवा नदीवर जर्मनांना थोपवणाऱ्या दुसऱ्या गार्ड्स आर्मीचा सेनापती मालिनोव्स्की ओडेसात जन्मलेला होता. त्या सैन्यातल्या युक्रेनी आणि कझाक पोरांचे मरण आजच्या क्रेमलिनच्या नावावर चढवायचा हक्क क्रेमलिनलाही नाही, आमच्या जाणकारांनाही नाही.

आता सरकारी पैसा. हा मुद्दा मला फार आवडतो, कारण तो मांडणाऱ्याला अमेरिकन चित्रपट पाहताना नेमका आठवत नाही. व्हिएतनाम युद्धाची भलामण करणारा ‘द ग्रीन बेरेट्स’ (१९६८) पेंटॅगॉनच्या मदतीने निघाला. ‘टॉप गन’ला (१९८६) विमाने आणि जहाजे अमेरिकेच्या नौदलाने पुरवली. तिथे त्याला ‘अस्सलपणा’ म्हणायचे! आपला ‘हकीकत’ (१९६४) भारतीय लष्कराच्या साहाय्याने लडाखमध्ये चित्रित झाला. तो पाहून डोळे पुसताना कुणी हिशेबाची वही मागितल्याचे ऐकिवात नाही. बरे, खासगी पैशाने तरी सत्य विकत मिळते का? ‘बॅटल ऑफ द बल्ज’ (१९६५) खासगी पैशाचाच. आर्देनच्या कडाक्याच्या हिवाळ्यातली लढाई स्पेनच्या रखरखीत माळावर उरकली आणि अमेरिकन बनावटीचे रणगाडे जर्मन टायगर म्हणून पुढे धाडले. सोव्हिएत सरकारी तिजोरीतून १९५० साली ‘बर्लिनचा पाडाव’ आला, हे खरेच. त्यात स्टालिन पांढऱ्या गणवेशात विमानाने थेट बर्लिनमध्ये उतरतो. शुद्ध थाप! पण १९५६ साली सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनेच पक्षाच्या अधिवेशनात त्या चित्रपटाची टर उडवली. त्याच तिजोरीतून तारकोव्हस्कीचा ‘इव्हानचे बालपण’ आला. त्याच तिजोरीतून १९७१ साली अलेक्सी गेर्मानने एक युद्धपट केला आणि सरकारने तो १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कुलपात ठेवला. सगळेच चित्रपट आज्ञाधारक होते, तर कुलूप कशासाठी लागले? याचे उत्तर जाणकारांनी सवडीने द्यावे.

कलाकृती न पाहता तिच्यामागे कोण आहे एवढेच विचारण्याचा हा खेळ आपल्याकडे जुनाच आहे. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ यावर पिढ्यान्‌पिढ्या शाई सांडली. त्या वादातही बरेच वीर कलाकृती न वाचताच लेखकाचा गोट विचारत आणि गोट कळला की अभिप्राय तयार. गोट विचारणारे अजून आहेत. वाचणारेच कमी झाले.

राहता राहिला ‘माणूस नाही’ हा आरोप. स्टालिनग्राडला वेढ्यात सापडलेल्या जर्मन सैन्याला सोडवायला जर्मन सेनापती मानस्टाइनचे रणगाडे कोतेल्निकोवोकडून निघाले आणि वेढ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर येऊन ठेपले. चित्रपट त्यांच्या वाटेतल्या एका तोफखान्याच्या तुकडीचा आहे. गोठलेली जमीन फोडून पोरे तोफा रोवतात आणि मरतात. मागे जनरल बेस्सोनोव्ह राखीव रणगाडे रोखून धरतो. पुढे पोरे चिरडली जात आहेत हे त्याला पक्के ठाऊक असते. शेवटी तो खंदकांतून फिरत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाचलेल्यांना पदके देतो आणि आपल्याला याहून अधिक काही करता येत नाही, एवढेच सांगतो. विजयाची मिरवणूक नाही. प्रचारच करायचा, तर इतका ओशाळा सेनापती कोण दाखवील? बोंदारेव स्वतः तरुणपणी त्या आघाडीवर लढले होते. बेस्सोनोव्ह साकारणारे गिओर्गी झ्झोनोव्ह यांना १९३८ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक झाली होती आणि त्यांनी कोलिमाच्या छळछावणीत वर्षे काढली होती. अशा माणसाच्या चेहऱ्यावर सरकारी उत्साह शोधायचा असेल, तर भिंग मोठे लागेल.

चित्रपट निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. प्रेमकथेचा धागा कच्चा आहे आणि काही संवाद घोषणेच्या सुरात जातात. पण तो खोटा नाही. जाणकारांना विनंती एवढीच, की पुढचे व्याख्यान देण्याआधी त्यांनी तो एकदा पाहावा, शेवटपर्यंत.