रेटायचं कधी, थांबायचं कधी
साप्ताहिक सदर : धावता धावता

रायपूरच्या समता कॉलनीतून पहाटे धावायला निघालेल्यांत कुणाचा वेग मंदावला की मागून हाक येतेच, "हिम्मत मत हारो, भैया!" मराठी घरातला असेल तर "मन घट्ट कर" असा सल्ला मिळतो. मतलब एकच : शरीर काहीही म्हणो, रेटत राहा. माझा आक्षेप याच मतलबाला आहे. धावणं जड जातं तेव्हा शरीराला दटावत बसणं हे मनाचं काम नव्हे. शरीर जे सांगतंय त्यातलं किती ऐकायचं, ते मनाने ठरवायचं असतं.

2019 ची जागतिक मैदानी स्पर्धा दोहाला झाली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत धावत होता. इतरांच्या अडखळण्या-पडण्यात त्याची वाट अडली. एकदा नव्हे, दोनदा. या शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात. लय तुटली की ती जुळवायला उसंत मिळत नाही. हातपाय गाळायला सबळ कारण होतं. साबळे मात्र 8 मिनिटे 25.23 सेकंदांत, स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडून सातवा आला. भारताने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरी मिळाली. तिथे तो तेरावा आला, पण 8 मिनिटे 21.37 सेकंदांच्या वेळेने टोकियो ऑलिंपिकची पात्रता गाठली.

याच स्पर्धेत काही दिवस आधी महिलांची मॅरेथॉन झाली. उकाड्यामुळे ती मध्यरात्रीच्या ठोक्याला सुरू केली, तरी पारा तिशीच्या वरच होता आणि हवा कमालीची दमट. 68 पैकी 28 जणींनी शर्यत अर्ध्यात सोडली. जगातल्या अव्वल धावपटू त्या. त्यांना मनाने कच्च्या कोण म्हणेल? साबळेच्या आडवी आली होती ती परिस्थिती, आणि तिच्यावर मात करता येत होती. या धावपटूंचं शरीरच तापत होतं, तिथे जिद्दीचा उपयोग नव्हता. मला दोन्ही निर्णय सारखेच मोलाचे वाटतात.

रेटण्याची बाजूही नीट समजून घेऊ. संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांनी 2009 मध्ये सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग प्रसिद्ध केला. 90 मिनिटं डोक्याला ताण देणारं काम केल्यावर माणसं सायकलवर सरासरी 640 सेकंद टिकली; ते काम न करता 754. हृदय आणि स्नायू दोन्ही वेळा सारखेच चालत होते, फक्त श्रम जास्त वाटत होते. दिवसभर हिशेबात डोकं घालून संध्याकाळी तेलीबांधा तलावाला फेऱ्या मारणाऱ्याने वेग पडला म्हणून खंतावू नये. कठीण सराव पहाटे ठेवावा. 2014 च्या दुसऱ्या एका प्रयोगात स्वतःला धीर देणारी वाक्यं आधी निवडून, दोन आठवडे घोटून घेतलेल्यांचा टिकाव 18 टक्क्यांनी वाढला. ऐनवेळी सुचलेल्या शब्दांवर भिस्त ठेवू नये, सरावात पायांबरोबर वाक्यंही तयार करावीत, असा मी त्याचा अर्थ घेतो.

पण हे सगळं डोकं ताळ्यावर असेपर्यंत. रायपूरच्या उन्हाची, विशेषतः नौतपातल्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या नऊ दिवसांची, खरी अडचण इथे आहे. उष्माघात होऊ लागला की मेंदूही त्याच्या तडाख्यात सापडतो. म्हणजे थांबायचं की नाही हे ज्याने ठरवायचं, त्याचाच भरवसा राहत नाही. चक्कर येणं, तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं, भर उन्हात अंगावर काटा येणं या खुणा दिसल्या की "अजून एकच किलोमीटर" ही घासाघीस बंद. सावली गाठायची, अंगावर गार पाणी ओतायचं. बोलणं बिघडलं असेल तर दवाखान्याची वाट धरायची.

म्हणून निर्णय निघण्यापूर्वीच घेऊन ठेवावा, आणि एकट्याने घेऊ नये. येत्या रविवारी सोबत्याला सांगून ठेवा, कोणत्या खुणेवर त्याने तुम्हाला दंडाला धरून थांबवायचं. तेव्हा तुम्ही "मी ठीक आहे" म्हणाल. त्याने ते ऐकायचं नाही, हेही आधीच बजावून ठेवा.

— रायपूरकर