धाकटीला काय, थोरलीला काय?

दिवाळीच्या सुट्टीत घरी किती मुले जमणार याचा हिशेब गृहिणी चकलीच्या डब्यावरून आधीच करून ठेवते. पण जमलेली मुले चित्रपट कोणता पाहणार, याचा हिशेब कोणीच करीत नाही. फराळ आटोपला की पाच वर्षांची धाकटी, दहा-बारा वर्षांचे मधले आणि पंधरा वर्षांची थोरली अशी सगळी फौज टीव्हीपुढे बसते. ज्याचा आवाज मोठा, त्याचा चित्रपट लागतो. तासाभराने धाकटी पेंगू लागते, थोरली मोबाईलमध्ये डोके घालते आणि आजी हळूच उठून आत निघून जाते. सर्वांना चालेल म्हणून निवडलेला चित्रपट बहुधा कोणाचाच होत नाही.

मी पडलो मराठीचा मास्तर. कोणत्या वयाला कोणता धडा पेलेल याचा विचार करण्यात आमची हयात जाते. चौथीच्या मुलापुढे कोणी बी.ए.चे पुस्तक ठेवीत नाही. मग चित्रपटाच्या बाबतीतच आपण इतके उदार का?

आता 'श्यामची आई' कोणाला सांगावी लागत नाही. १९५३ सालच्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे घरोघरी ठाऊक आहे. पण मुलांसाठी किंवा मुलांविषयी केलेले कितीतरी चांगले चित्रपट आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत. १९५५ साली सरकारने खास मुलांच्या चित्रपटांसाठी बालचित्र समिती काढली. केदार शर्मा यांच्या 'जलदीप'पासून तिच्या कामाला आरंभ झाला आणि २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. एवढ्या काळात तिने केलेल्या चित्रपटांपैकी दोन नावे सांगा म्हटले, तर सुशिक्षित आईबापही एकमेकांकडे पाहतील. मी राहतो शिरूरला, धाकटी बहीण असते दौंडला. दोन्ही गावे पुण्यापासून पाऊणशे किलोमीटरच्या आतबाहेर. आठवडाभर पुण्यात लागून गेलेला चित्रपट तेवढे अंतर कापून आमच्याकडे येत नसे. आता तो घरबसल्या पाहता येतो; फक्त त्याचे नाव ठाऊक हवे.

अशा कमी गाजलेल्या चित्रपटाचा एक मोठा गुण असतो. कोठे हसायचे आणि कोठे रडायचे, हे मुलाला कोणी आधी सांगितलेले नसते. ते आपल्या डोळ्यांनी पाहते.

धाकट्यांपासून सुरुवात करू. पाच-सहा वर्षांच्या मुलाला अडीच तास बसवणे ही शिक्षाच. त्याच्यासाठी आल्बेर लामोरीस या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'द रेड बलून' पाहावा. १९५६ सालचा हा चित्रपट जेमतेम चौतीस मिनिटांचा. पॅरिसमधला एक लहान मुलगा आणि त्याच्या मागे मागे फिरणारा एक लाल फुगा, एवढीच गोष्ट. संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे भाषेची अडचण नाही. फुग्यावर संकट येते तेव्हा मुले रडवेली होतात. पण शेवट असा आहे, की डोळे पुसून ती पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगतात.

आठ ते दहा वर्षांच्या मुलांना मंगेश हाडवळे यांचा 'टिंग्या' (२००८) दाखवावा. गोष्ट जुन्नरकडची, म्हणजे आमच्या शेजारचीच. टिंग्याच्या घरचा चितंग्या नावाचा बैल जायबंदी होतो. शेती अडते आणि बापाला तो विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शेजारची म्हातारी आजारी पडली तर तिला औषधपाणी करतात, मग बैलाला कसायाकडे का, हा टिंग्याचा प्रश्न. माझ्या वर्गात उसाच्या आणि कांद्याच्या गावांतून येणारी मुले आहेत. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या बापांनाही नीट देता आलेले नाही. शहरातल्या मुलाला तर तो पडलेलाच नसतो. म्हणूनच त्याने हा चित्रपट पाहावा. मूल फार हळवे असेल तर मात्र जवळ बसा.

त्याच वयाला, किंवा थोड्या मोठ्यांना, अमर देवकर यांचा 'म्होरक्या'ही शोभतो. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सर्वांच्या पुढे चालावे, अशी आस लागलेल्या मेंढपाळाच्या मुलाची ही कथा. २०१७ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट बालचित्रपट ठरला. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट असल्याने कवायत म्हणजे काय, हे तिथल्या मुलांना सांगावे लागत नाही. म्होरक्या होण्यासाठी काय सोसावे लागते, हे मात्र त्यांना इथे दिसेल.

बारा-तेराव्या वर्षासाठी अविनाश अरुण यांचा 'किल्ला' घ्यावा. तो २०१५ साली चित्रपटगृहांत आला. वडील गेलेल्या एका मुलाची आई बदली होऊन कोकणातल्या लहानशा गावी येते. नवी शाळा, नवे मित्र आणि कोणाला सांगता न येणारा एकटेपणा. या चित्रपटाचा गुण मी दौंडमध्ये पाहिला. माझे मेहुणे रेल्वेत आहेत. त्यांची भुसावळहून बदली झाली, तेव्हा बारा वर्षांच्या भाच्याने ब्र काढला नाही. "शाळा कशी आहे रे?" म्हटले की "बरी आहे, मामा," एवढेच उत्तर. त्याच्या सामानाचे एक खोके सहा महिने पलंगाखाली तसेच बांधलेले होते. भाऊबीजेला गेलो असताना आम्ही सगळ्यांनी मिळून 'किल्ला' पाहिला. संपल्यावर तो वडिलांना म्हणाला, "बाबा, आपण इथे किती वर्षं आहोत?" एरवी "बघू" म्हणून विषय टाळणारे मेहुणे थोडे थांबून म्हणाले, "तीन तरी असू. पण नक्की माझ्याही हातात नाही." मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग उठून त्याने पलंगाखालचे खोके ओढले आणि बहीण मला म्हणाली, "दादा, सुरी दे रे ती." बदलीची गोष्ट त्या घरात त्या दिवशी प्रथमच मोकळेपणी निघाली.

थोरल्यांसाठी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'दहावी फ' (२००२) आहे. 'ढ' म्हणून एका तुकडीत कोंबलेली मुले रागाच्या भरात शाळेची प्रयोगशाळा फोडतात आणि मग झालेले नुकसान भरून काढायला निघतात. गुणांच्या शर्यतीत मागे पडलेल्या मुलाला तो धीर देतो. पुढे असलेल्याला मागच्या बाकावरच्यांची ओळख करून देतो. उमेश कुलकर्णी यांचा 'विहीर' (२०१०) त्याहून खोल. जिवाभावाचा भाऊ गमावलेल्या मुलाचा तो शोध आहे. पंधरा-सोळाच्या आत तो दाखवू नये, आणि घरात नुकतेच दुःख झाले असेल तर वडीलधाऱ्यांनी आधी स्वतः पाहून मगच ठरवावे.

वयाचा आधार म्हणून आता सरकारी प्रमाणपत्रही थोडे उपयोगी पडते. २०२३ च्या कायदेदुरुस्तीने 'यूए' या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले. पण चित्रपटात मुलाने पाहू नये असे काय आहे, एवढेच प्रमाणपत्र सांगते. आपल्या मुलाच्या मनात सध्या काय चालले आहे, हे त्याला कसे कळणार? ते आईबापांनीच ओळखायचे. बदली झालेल्या मुलाला एक चित्रपट, नापास झालेल्याला दुसरा, कुत्रे मेलेल्याला तिसरा. वय पाहावेच, पण वयाच्या आधी प्रश्न पाहावा.

घरात सर्व वयांची मुले असतील तर संध्याकाळी धाकट्यांचा छोटा चित्रपट उरकून त्यांना फुलबाज्या द्याव्यात आणि थोरल्यांचा रात्री जेवणानंतर लावावा. थोरल्यांनी धाकट्यांबरोबर बसायला हरकत नाही. उलट मात्र नको. चित्रपट लावून देऊन आपण स्वयंपाकघरात किंवा वर्तमानपत्रात दडी मारू नये.

आणि एक विनंती. चित्रपट संपताच "यातून काय बोध घेतलास?" असे मुलाला विचारू नका. हा प्रश्न विचारून आम्ही मास्तरांनी कितीतरी चांगल्या कवितांचा जीव घेतला आहे. मूल आपणहून काही विचारील, कदाचित त्याच रात्री, कदाचित चार दिवसांनी शाळेचे दप्तर भरताना. तेव्हा हातातले काम बाजूला ठेवून, जेवढे ठाऊक असेल तेवढे खरे उत्तर द्यावे.