स्पॉटिफायवरचा बहिष्कार आणि आपले गायक

जून २०२५ मध्ये 'हेल्सिंग' या जर्मन कंपनीत ६० कोटी युरोची गुंतवणूक झाली. ही कंपनी युद्धासाठी लागणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे सॉफ्टवेअर आणि हल्ला करणारे ड्रोन बनवते. गुंतवणुकीत पुढाकार होता डॅनियल एक यांच्या फंडाचा ('एक' हे त्यांचे आडनाव). हेच गृहस्थ स्पॉटिफायचे संस्थापक. त्यानंतर डीअरहूफ, किंग गिझार्ड, मॅसिव्ह अटॅक अशा अनेक बँडनी आपली गाणी तिथून काढायचे ठरवले आणि 'सदस्यत्व सोडा' अशी हाक श्रोत्यांमध्येही फिरू लागली.

तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. अंगुत्तर निकायातल्या त्या यादीत पहिलाच व्यापार शस्त्रांचा आहे. मग आपल्यासाठी प्रश्न सुटला का? हेल्सिंग म्हणते, आमचे तंत्रज्ञान युक्रेनमध्ये रशियन आक्रमणाविरुद्ध वापरले जाते. घरावर बॉम्ब पडणाऱ्या माणसाने प्रतिकार करू नये, असे आम्ही इथे बसून सांगणार नाही. पण गाण्यांवर उभी राहिलेली संपत्ती ड्रोनच्या धंद्यात जात असेल, तर 'माझे पैसे नकोत' म्हणण्याचा हक्क श्रोत्याला आहेच.

खरी अडचण पुढे आहे. ज्या गायकाचा त्या ड्रोनशी काडीचा संबंध नाही, त्याचे काय?

स्पॉटिफायला आपण दिलेले पैसे आपल्या आवडत्या गायकाकडे थेट जात नाहीत. सगळा महसूल एकत्र होतो, त्यातला साधारण दोन-तृतीयांश हक्कधारकांना, कोणाचे गाणे किती वेळा वाजले त्या हिशेबाने मिळतो. २०२४ पासून तर वर्षाला १,००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. म्हणजे तालुक्याच्या गावात भीमगीते रेकॉर्ड करणाऱ्या पोराला बहिष्काराआधीही बहुधा शून्य आणि नंतरही शून्य. त्याचे नुकसान वेगळे आहे. मुंबई-पुण्याच्या, परदेशातल्या नव्या कानांपर्यंत तो ज्या वाटेने पोचतो, ती वाट अरुंद होते. आणि जुन्या भीमगीतांपैकी बऱ्याच गाण्यांचे हक्क कॅसेट कंपन्यांकडे आहेत. गायकाने ठरवले तरी त्याला ती काढता येणार नाहीत.

बहिष्कार या शब्दाकडे आपण कोरडेपणाने पाहू शकत नाही. पाणी बंद, मजुरी बंद, दुकानात धान्य बंद, हे आपल्या वाडवडिलांनी सोसले. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मागितलेल्या संरक्षणांत बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी होती, आणि तिचा मसुदा १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या कायद्यावरून घेतलेला होता. महाराष्ट्राने तसा स्वतंत्र कायदा केला तो २०१६ मध्ये. गावाच्या त्या बहिष्कारात दुबळ्याचे हाल हाच हेतू असे. मोठ्या कंपनीचे सदस्यत्व सोडणे म्हणजे तसले काही नव्हे, दोन्ही एकाच तराजूत घालणारे चुकतात. तरीही एक सवय आपण त्या अनुभवातून घ्यायला हवी: चुलीवर कुणाचे भांडे आहे, ते आधी बघायची.

त्या बँडनी स्वतःचे उत्पन्न सोडले, त्यांचा निर्णय त्यांना शोभतो. श्रोत्याचे तसे नाही. सदस्यत्व सोडून तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ॲपवर तीच गाणी ऐकतो. त्याला झळ फारशी बसत नाही. म्हणून आमचे मत असे: ज्याला पटते त्याने स्पॉटिफाय जरूर सोडावे, आम्हीही सोडत आहोत. पण भीमगीते गाणाऱ्याने तिथून गाणी काढली नाहीत म्हणून त्याच्या निष्ठेची परीक्षा घेऊ नये. आणि सोडणाऱ्याने महिन्याचे वाचलेले पैसे खिशात ठेवू नयेत. १४ एप्रिलच्या जयंतीला डीजेवर हजारो रुपये उडवून गायकाच्या मानधनात घासाघीस करणारी मंडळे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. या वेळी वर्गणी देताना गायकाला किती देणार, हे आधी विचारा.