पुस्तक वाचकाचे, कुलूप कंपनीचे

सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ साली ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे घराघरांत मांडलेली पुस्तके कोणीही उचलावीत आणि वाचावीत. त्यासाठी डोळे आणि अक्षरओळख पुरते. दोनच वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णेच्या महापुराने सांगलीत घरांबरोबर ग्रंथसंग्रहही भिजवले. कागदाचे हे भंगुरत्व पाहिल्यावर पुस्तके संगणकीय रूपातही असावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कागद गेला आणि त्याच्या जागी कुलूप आले, तर वाचकाने काय मिळवले?

ई-रीडर घेताना किंमत पाहिली जाते, बॅटरी पाहिली जाते. हे यंत्र कोणत्या स्वरूपातील पुस्तक उघडते, हा मूळ प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ‘ईपब’ हे खुले स्वरूप आहे. त्याचे नियम जाहीर आहेत. कोणताही प्रकाशक त्यात पुस्तक करू शकतो, कोणताही कारखानदार ते उघडणारे यंत्र बनवू शकतो. अॅमेझॉनने २००७ साली आणलेल्या किंडलची रीत वेगळी. त्याच्या दुकानातील पुस्तक कंपनीच्या स्वतःच्या स्वरूपात येते. बाहेरची ईपब फाइल यंत्रात नुसती टाकून उघडत नाही. ती आधी रूपांतरित करून घ्यावी लागते. २०१६ पासून या दुकानात मराठी पुस्तकेही आली, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. पण २००९ साली याच कंपनीने ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या विकत घेतलेल्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या होत्या. विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात नेण्याची वाटही तिने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली आपले पुस्तकांचे दुकान मिटवले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले. पुस्तके गेली ती गेलीच.

कुलूप नसेल तर लेखकाची लूट होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. लेखकाला त्याच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु लेखकाचे रक्षण करणे वेगळे आणि वाचकाला एका कंपनीच्या यंत्राशी जखडणे वेगळे. ईपबलाही कुलूप लावता येते, हेही ध्यानात ठेवावे. ‘कॅलिबर’सारखे मोफत साधन एका स्वरूपाचे दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करते, कुलूपबंद पुस्तकापुढे तेही थांबते.

मराठी वाचकाची अडचण याहून एक पायरी पुढची आहे. मोफत मिळणारी पुष्कळशी मराठी पुस्तके पीडीएफमध्ये असतात. पीडीएफचे पान छापील पानासारखे ठाम. सहा इंची पडद्यावर त्यातील अक्षर मुंगीएवढे दिसते आणि वाढवले तर ओळ पडद्याबाहेर जाते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेला मजकूर तर दुसऱ्या स्वरूपात नेताच निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. युनिकोडमधील ईपबात अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. उतारवयातील वाचकाला याचे मोल सांगावे लागणार नाही.

मार्ग दाखवणारे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज तो कोश इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. जनतेच्या पैशाने झालेले ज्ञान जनतेला मोकळे असावे, हे तत्त्व त्यात आहे. तेच पुढे नेऊन शासनाने आपले प्रत्येक मराठी प्रकाशन युनिकोड ईपबमध्ये, कुलपाविना, उपलब्ध केले पाहिजे.

तोवर विद्यार्थ्याने आणि ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने यंत्र घेण्यापूर्वी एवढे तरी तपासावे: ईपब थेट उघडते का? मराठी जोडाक्षरे नीट उमटतात का? संगणकावरून फाइल तारेने घालता येते का? उद्या यंत्र बदलले तर आजची पुस्तके सोबत येतील का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तेथे पुस्तक विकले जात नसून भाड्याने दिले जात आहे, हे ओळखावे. विक्रीची किंमत देऊन भाडेकरू होण्याचे कारण सातारा-सांगलीच्या वाचकाला नाही.